ओ

सोहारच्या बंदरात, कंटेनर-यार्डामागच्या खोलीत
एक यंत्र आहे. त्याला काम एवढंच:
हाक आली की ओ द्यायची.

क्रेन विचारते, वजन किती.
टाकी विचारते, पातळी काय धरू.
बरक्याचा पाणी-प्रकल्प दीडशे किलोमीटरवरून
मीठ मोजून मागतो.
यांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही.
प्रत्येकाच्या दाराशी दुसऱ्याचा एक मुखत्यार बसलाय,
हुबेहूब त्याच्यासारखं बोलणारा,
जवळ स्वतःचं काहीच नसलेला.
विचारलं की तो प्रश्नाची घडी घालतो,
पाकिटात भरून तारेवर सोडतो
आणि उत्तर परत येईपर्यंत
आपल्यालाच ते ठाऊक आहे असा चेहरा करतो.

बद्र अल-मकबाली म्हणतो, आमच्या व्हिसा-क्लार्कसारखा.

माझी रात्रपाळी. ऑगस्ट.
बाहेर दोन वाजताही चौतीस अंश, काचेला बाहेरून घाम.
आत मी स्वेटर घालून नोंदवही चाळतेय:
कुठल्या नावामागे कोण उभं आहे, एवढीच वही.
एकशे बारा नावं. क्रेन-चार. टाकी-उत्तर. बिल-मोजणी.
आणि त्र्याण्णवाव्या ओळीवर, रोमन लिपीत,
वहिनी.

विश्राम आजगावकर नावाचा माणूस इथे पाच वर्षं होता.
त्याच्या खुर्चीत दोघं बसून गेली, मग मी.
वहिनी त्यानं लिहिली. एकच पद्धत आत, एकच ओळ:
आहेस का, विचारलं तर
आहे.
बस्स. ना वजन, ना मीठ, ना पैसा.

इथे प्रत्येक वस्तूला पट्टा असतो.
दूरवरून कुणीतरी दर दहा मिनिटांनी म्हणावं लागतं,
मला अजून हवीय.
नाही म्हटलं, की झाडणारा येतो.
माझं रेसिडेन्स कार्ड दोन वर्षांचं,
ते हवंय म्हणणारा एक खरेदी-विभाग आहे.
वहिनीला हवं म्हणणारा
मसिरा बेटावरचा कुठलातरी पत्ता.
रोज दोन वाजून दहा मिनिटांनी एक हाक.

ऑडिटवाला म्हणाला, नकाशात नसेल ते काढा.
मी काढलं. एक आज्ञा, एक एंटर.
नाव पुसताना आवाज होत नाही.

दोन-दहाला लाल ओळ: या नावाचं कुणी नाही.
दोन-अकराला परत.
मग दर मिनिटाला.
आपण दार लावून घ्यावं आणि बाहेरच्यानं
कडी न वाजवता नुसतंच उभं राहावं, तसं.
मी पडदा छोटा केला. चहा केला.
पडदा मोठा केला.

चारला फोन.
मसिराच्या बर्फ-कारखान्यातून, जुमा नावाचा म्हातारा,
अर्धं बलुची, अर्धं हिंदी,
मागे कॉम्प्रेसरची घरघर.
त्याच्या खाटेजवळ एक हिरवा दिवा आहे म्हणे, अठरा वर्षांपासून.
तो बघून झोपतो.
आज तांबडा झाला.
मी म्हटलं, चाचा, तुमचं काही बंद पडलंय का?
नाही, बर्फ चालू आहे.
मग थांबून, हळू आवाजात:
तुमच्याकडचं कुणी गेलं का?

नाव परत लावायला साडेतीन मिनिटं लागली,
त्यातली दोन पासवर्ड आठवण्यात.
वहिनी हे नाव का, मला माहीत नाही.
आजगावकरचा जुना नंबर लागत नाही.
ऑडिटच्या रकान्यात मी लिहिलं: आवश्यक.
कारणाच्या रकान्यात काही सुचेना,
बद्रनं वाकून अरबीत काहीतरी खरडलं,
मी विचारलं नाही.

आता दोन-दहाला काही काम काढून मी खुर्चीतच असते.
प्रश्न येतो. उत्तराला एक्केचाळीस मिलिसेकंद लागतात.
काल त्याच्याही आधी
माझ्याच तोंडून निघालं, ओ.
बद्रनं कपावरून मान वर केली.
काय?
काही नाही, म्हटलं. साखर दे.